पथ्याचा आरंभ आणि पुडींतील वडी

रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यांत काय किंवा साक्री-शिरपूरच्या भुईमुगाच्या रानांत काय, हल्लीं चार शेतकरी एकत्र बसले कीं बोलणें पावसापाण्यावरून, भावावरून फिरत फिरत रक्तांतील साखरेवर येऊन ठेपतें. कोणाची उपाशीपोटींची साखर किती, कोणाची जेवणानंतरची किती, हे आंकडे आतां आमच्या लोकांस कपाशीच्या भावाइतकेच पाठ झाले आहेत. डॉक्टरांनीं भाकरी कमी करा, भात सोडा, गोड वर्ज्य करा असें सांगितलें म्हणजे माणूस तें खरोखरीच मनावर घेतो. पण त्याच संध्याकाळीं तो औषधाच्या दुकानांतून गोळ्यांबरोबर चकचकीत पुड्यांतील चार वड्याहि घेऊन घरीं येतो, ही गोष्ट आम्हीं अलीकडे वारंवार पाहिली आहे. ह्या वड्यांस बाजारांत 'प्रोटीन बार', 'एनर्जी बार', 'डाएट बार' अशीं नांवें आहेत. पथ्य आरंभणाऱ्या माणसानें पहिले दोन महिने तरी ह्या वड्यांस शिवूं नये, असें आमचें स्पष्ट मत झालें आहे, व तें सकारण मांडण्यासाठींच हा लेख लिहिला आहे.

हें मासिक शेतीचें आहे, वैद्यकाचें नव्हे, तेव्हां ही उठाठेव कशाला, असें कोणी म्हणेल. पण त्या वडीच्या वेष्टनावर जें चित्र असतें तें आमच्याच शेंगदाण्याचें, आमच्याच ज्वारी-बाजरीचें असतें. आमचा माल आमच्याच सभासदाच्या घरीं बाराचौदा पट किमतीनें परत येतो आणि वर त्याचें पथ्यहि बिघडवितो, तर त्याचा हिशेब ह्या मासिकांत न मांडावा तर कोठें मांडावा ?

प्रथम पथ्याविषयीं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्यानें झालेल्या देशव्यापी पाहणीचा जो वृत्तांत २०२३ सालीं प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणें आपल्या देशांत सुमारें १० कोटी १० लक्ष लोकांस मधुमेह आहे, व आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. त्याच पाहणीच्या २०२५ सालच्या वृत्तांतांत असें दिसून आलें कीं, आपल्याकडील माणूस आपल्या अन्नांतील उष्मांकांपैकीं सरासरी शेंकडा ६२ भाग पिष्टमय व शर्करामय पदार्थांपासून, म्हणजे ज्यांस कर्बोदकें म्हणतात त्यांपासून, घेतो. तेव्हां डॉक्टर भाकरीकडे बोट दाखवितात तें उगीच नव्हे. आमच्या आज्यांच्या पिढीनें दोन-दोन, तीन-तीन भाकरी पचविल्या हें खरें; पण त्या पिढीनें मोट हांकली, कोसभर पायीं जाऊन नांगर धरला. आज मोटेच्या जागीं विजेचा पंप आला, नांगराच्या जागीं ट्रॅक्टर आला, आणि शेतावर जावयाचें तर मोटारसायकल दारांत उभी आहे. भाकरीची संख्या मात्र बदलली नाहीं.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, मग ती आमच्यांतील कांहींस कडू कां लागेना. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठांत सुमारें ७० ग्रॅम कर्बोदकें असतात. बाजरीचें मान थोडें कमी, पण फार कमी नाहीं. म्हणजे ८० ग्रॅम पिठाची एक भाकरी धरली तर तींत ५५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदक आलें. 'गहूं सोडा, ज्वारी धरा, म्हणजे साखर उतरली' असा जो सोपा उपदेश चोहोंकडे ऐकूं येतो तो अर्धाच खरा आहे. ज्वारींतील चोथ्यामुळें साखर जरा सावकाश चढते, एवढेंच. पथ्य करावयाचें तर भाकरीची जात बदलण्याबरोबर तिची संख्याहि घटवावी लागेल. केळ्याचेंहि तेंच. जळगांवच्या केळ्यास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्याचा आम्हांस अभिमान आहे; पण त्या मानांकनानें १०० ग्रॅम गरांतील २२-२३ ग्रॅम कर्बोदकांत कणभरहि घट होत नाहीं.

आतां ती वडी. कोणताहि भरड कोरडा पदार्थ वडीच्या आकारांत धरून ठेवावयाचा तर त्यास चिकटा लागतो. हें आमच्या घरांतील माउल्यांस सांगावयास नको, कारण गुळाच्या पाकावांचून चिक्की थापतां येत नाहीं हें त्या जाणतात. कारखान्यांतहि ह्याहून निराळा चमत्कार होत नाहीं. तेथें खजुराचा लगदा घालतात, नाहीं तर द्रवरूप ग्लुकोज, मध किंवा गूळ घालतात, आणि हीं नांवें टाळावयाचीं असलीं म्हणजे माल्टिटॉलसारखे साखरेचे मद्यार्क वापरतात. (मद्यार्क म्हणजे दारू नव्हे; रसायनशास्त्रांतील तें एक कुलनाम आहे.) त्यांत ओट अथवा मुरमुरे ह्यांची भर, वर थोडे दाणे, थोडे बदाम, आणि दुधापासून किंवा सोयाबीनपासून काढलेली प्रथिनांची भुकटी.

'ह्यांत वरून साखर घातलेली नाहीं' असें वेष्टनावर मोठ्या अक्षरांत छापलेलें असतें, व शब्दशः तें खोटें नसतें. पण खजुरामध्यें १०० ग्रॅमला ७५ ग्रॅमच्या जवळपास कर्बोदकें असतात, व तीं बहुतेक साखरच. खजूर घालून साखर घातली नाहीं म्हणणें म्हणजे ऊंस खाऊन गूळ खाल्ला नाहीं म्हणण्यासारखें आहे. 'साखरमुक्त' ह्या शब्दास आमच्या देशांत कायद्यानें अर्थ दिलेला आहे: १०० ग्रॅम पदार्थांत अर्ध्या ग्रॅमपेक्षां अधिक साखर नसावी. परंतु ती अट साखरेपुरती आहे. पिष्टाविषयीं ती कांहीं बोलत नाहीं, आणि पोटांत गेल्यावर पिष्टाची साखरच होते. माल्टिटॉलनें रक्तांतील साखर साध्या साखरेहून कमी चढते, पण चढते. आणि तें अधिक खाण्यांत आलें तर पोट फुगतें, ढाळ होतात. असे मद्यार्क शेंकडा दहा किंवा अधिक प्रमाणांत असले तर तशी सूचना वेष्टनावर छापावी लागते. मात्र ती किती बारीक अक्षरांत असते तें वाचकांनीं स्वतःच्या चष्म्यानें पाहावें.

हिशेब असा करून पाहा. एखाद्या गृहस्थानें दुपारची एक भाकरी सोडली. ५५ ग्रॅम कर्बोदकें वांचलीं. चार वाजतां पोटांत कालवलें म्हणून त्यानें खजूर-ओटांची ४० ग्रॅमची एक वडी खाल्ली व रात्रीं निजण्यापूर्वीं दुसरी खाल्ली. प्रत्येकींत २५ ग्रॅम धरलीं तरी ५० ग्रॅम परत आलीं. भाकरीबरोबर भाजी, वरण, ठेचा पोटांत जात असे, तेंहि गेलें. पंधरा दिवसांनीं रक्त तपासलें तर आंकडा जेथल्या तेथें. मग हे गृहस्थ म्हणतात, 'पथ्यानें कांहीं होत नाहीं, गोळीच खरी.' आमच्या केळीवाल्या बंधूंनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. मध्यम आकाराच्या एका केळ्यांतहि साधारण एवढींच कर्बोदकें असतात. घरचें केळें भीतीनें दूर सारावयाचें आणि तेवढ्याच भाराची वडी पन्नास रुपये देऊन आणावयाची, हा व्यवहार कोणत्या शास्त्रांत बसतो ?

कांहीं वड्यांवर 'निव्वळ कर्बोदकें' म्हणून एक छोटासा आंकडा ठळक छापतात. एकंदर कर्बोदकांतून चोथा आणि साखरेचे मद्यार्क वजा करून हा आंकडा काढलेला असतो. चोथा वजा करणें समजण्यासारखें आहे, कारण तो पचत नाहीं. पण माल्टिटॉल अर्धेंअधिक पचणारें असतां तें सगळेंच वजा टाकणें म्हणजे अडत्यानें कडत्यावर कडता कापण्यापैकीं आहे, आणि त्या विद्येचा आमच्या लोकांस चांगला अनुभव आहे.

ह्या सर्व प्रकारास एक इतिहास आहे. पिष्ट व साखर तोडून वजन उतरविण्याची युक्ति नवी नाहीं. १८६३ सालीं लंडनच्या विल्यम बँटिंग नांवाच्या गृहस्थानें आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानें पाव, साखर, बटाटे व बीर सोडून आपला लठ्ठपणा कसा घालविला, तें एका लहानशा पुस्तिकेंत लिहिलें. प्रेतयात्रांची व्यवस्था करणें हा त्याचा धंदा. त्यास विकावयाचें कांहींच नव्हतें. पहिल्या प्रती तर त्यानें फुकट वांटल्या. पुढें १९७२ सालीं अमेरिकेंतील डॉ. ॲटकिन्स ह्यांनीं जवळजवळ हाच उपदेश नव्यानें केला, व त्यांचा ग्रंथ लक्षावधि लोकांनीं वाचला. ह्या वेळीं मात्र उपदेशाच्या पाठोपाठ दुकान आलें: त्यांच्या नांवाच्या कंपनीनें वड्या, पेयें, मिठाया बाजारांत आणिल्या. डॉक्टर २००३ सालीं वारले, आणि २००५ सालीं त्या कंपनीस दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. कंपनी पुढें सावरली, पण वडीची चाल तोंवर जगभर पसरून गेली होती. जो उपदेश 'अमुक खाऊं नका' एवढाच होता, त्यांतून 'अमुक विकत घ्या' असें निष्पन्न झालें.

आमच्या खानदेशासहि असला एक धडा जुना आहे. १९४५ सालीं अमळनेर येथें वनस्पति तुपाचा मोठा कारखाना निघाला. त्याच कंपनीचें आजचें नांव विप्रो. त्या काळीं वनस्पति तूप बहुधा शेंगदाण्याच्या तेलापासून करीत. स्वस्त, स्वच्छ, टिकाऊ, म्हणून घराघरांत तें गेलें, आणि त्यांत कोणाचा दुष्ट हेतु होता असें आम्ही म्हणत नाहीं. तेव्हांचें ज्ञान तेवढेंच होतें. पण तेल गोठवितांना त्यांत जी ट्रान्स-चरबी उत्पन्न होते ती हृदयास घातक, हें पुढें सिद्ध झालें, आणि २०२२ पासून तिचें प्रमाण शेंकडा दोनांवर जाऊं नये असा निर्बंध आपल्या सरकारास घालावा लागला. घरच्या जिनसेच्या जागीं कारखान्याची नवी जिन्नस बसविण्यापूर्वीं थोडें थांबावें, एवढें शहाणपण तरी आम्हीं त्यांतून घ्यावयास हवें होतें.

पुडींतील सगळेंच वाईट, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. १९९६ च्या सुमारास फ्रान्समध्यें शेंगदाण्याचा लगदा, दुधाची भुकटी, साखर, तेल व जीवनसत्त्वें मिळून एक पुडी तयार करण्यांत आली. ९२ ग्रॅमच्या त्या पुडींत ५०० उष्मांक असतात. तिनें दुष्काळांतील व युद्धांतील कुपोषित बालकांचे प्राण वांचविले आहेत. पण ती पुडी ज्याला अन्नच मिळत नाहीं त्याच्यासाठीं आहे. ज्याला अन्न अधिक झालें म्हणून डॉक्टरांनीं हात धरला, त्यानें तोच दाट, गोड, एका घांसांत भरपूर शक्ति देणारा पदार्थ औषध म्हणून घ्यावा, हें उलटें झालें.

पथ्याच्या आरंभींच वडी कां नको, ह्याचें आमच्या मतें सर्वांत मोठें कारण घटकांत नाहीं, संवयींत आहे. पहिले दोन-तीन आठवडे कठीण जातात. जीभ गोडास चटावलेली असते, व दर तीन तासांनीं कांहीं तरी तोंडांत टाकावयाची खोड लागलेली असते. हीच दोन बंधनें ह्या काळांत तुटावयाचीं असतात. वडी दोन्ही कायम ठेवते: चव गोडच राहते, आणि दोन जेवणांमधील खाणेंहि चालूच राहतें, फक्त त्यास आतां पथ्याचा पोशाख चढतो. डॉ. श्रीकांत जिचकार ह्यांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित ह्यांनीं दिवसांतून दोनच वेळां जेवण्याचा जो प्रचार महाराष्ट्रभर केला, त्याविषयीं वैद्यांत मतभेद आहेत, आणि तें पथ्य कर्बोदकें तोडण्याचेंहि नाहीं. पण मधल्या वेळच्या खाण्यावर त्यांनीं जें बोट ठेविलें तें आम्हांस योग्य वाटतें. ज्यास पुढें आयुष्यभर पथ्य पाळावयाचें आहे त्यानें आरंभींच पांगुळगाडा घेऊं नये.

एक इशारा येथेंच देऊन ठेवतों. जे मधुमेहाच्या गोळ्या घेतात किंवा इन्सुलिन टोचून घेतात, त्यांनीं भाकरी एकदम तोडूं नये. औषधाचें प्रमाण तेंच राहिलें आणि अन्न घटलें तर साखर धोक्याइतकी खालीं उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, शुद्धहि हरपते. त्या वेळीं गोडच द्यावें लागतें. तेथें पथ्याचा आग्रह धरूं नये. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनीं प्रथिनें वाढवावयाचीं तीं डॉक्टरांस विचारूनच. ज्यानें त्यानें आपापल्या डॉक्टरांशीं बोलून मगच भाकरी घटवावी.

मग खावें काय ? ह्या प्रश्नाचें उत्तर शोधावयास खानदेशी माणसास लांब जावें लागूं नये. हिवाळ्यांत बामणोदकडचीं हिरवीं पांढुरकीं भरताचीं वांगीं बाजारांत येतात. जळगांवच्या ह्या वांग्यांसहि भौगोलिक मानांकन आहे. कपाशीच्या काड्यांवर भाजून, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात व शेंगदाणे घालून बडगींत घोटलेल्या भरतांत कर्बोदकें नांवालाच असतात. भरतांत तेल आहे म्हणून लोक भितात, पण कर्बोदकें घटविल्यावर पोट धरावयास कांहीं स्निग्ध लागतेंच. भरताबरोबर पुऱ्या मात्र नकोत. पूर्वीं दोन भाकरी व चमचाभर भरीत असें ताट असे. आतां अर्धी कळण्याची भाकरी व वाटीभर भरीत असें करावें. कळण्यांत ज्वारीबरोबर उडीद सालासकट दळलेला असतो, त्यामुळें प्रथिन व चोथा वाढतो आणि अर्ध्या भाकरीनेंहि पोटास आधार वाटतो. तुरीच्या भरड डाळीचे वाफेवरचे फुनके कढीबरोबर घ्यावेत. डाळींतहि पिष्ट आहे, तेव्हां चार फुनक्यांवर भात नको. मेथी, पोकळा, शेपू, गिलकें, ताक हीं तर घरचींच. जे खातात त्यांस अंडीं आहेत, तापी-गिरणेची मासळी आहे. आखाजीचे मांडे आणि कानबाईचे रोट वर्षांतून एकदां येतात. त्या दिवशीं एखादा घांस देवाच्या नांवानें खाल्ला तर त्यावर आम्ही लेख लिहिणार नाहीं. बिघडतें तें रोजच्या चार वाजतां.

त्या चार वाजतांसाठीं, आणि कापूस विकावयास जिनिंगच्या दारांत रात्रभर गाडी लावून बसावें लागतें त्या वेळेसाठीं, मूठभर भाजलेले शेंगदाणे पुरेत. ३० ग्रॅम दाण्यांत सुमारें ७ ग्रॅम प्रथिन असतें, व कर्बोदकें पांच ते आठ ग्रॅमच. गूळ लावूं नये, आणि मूठ एकच असावी, कारण दाण्यांत तेल पुष्कळ असल्यामुळें दुसऱ्या-तिसऱ्या मुठीनें वजन वाढल्यावांचून राहत नाहीं. बुरशी आलेले, सुरकुतलेले, कडवट दाणे मात्र भाजूनहि खाऊं नयेत. त्यांतील अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष यकृतास घातक असून घरच्या भाजण्यानें तें पुरतें जात नाहीं. शेंगा काढणीनंतर नीट वाळविल्या नाहींत, ओल्याच पोत्यांत भरल्या, म्हणजे ही बुरशी धरते. जो माल बाजारसमितींत भाव पाडतो तोच घरांत आजार आणतो.

आतां पैशाचें पाहूं. २०२५-२६ च्या खरिपासाठीं भुईमुगाच्या शेंगांची किमान आधारभूत किंमत क्विंटलमागें ७,२६३ रुपये ठरली. प्रत्यक्ष बाजारांत ती पदरांत पडतेच असें नाहीं, पण पडली असें धरूं. शेंगांतून शेंकडा ७० दाणा निघाला तर दाणा किलोस सुमारें १०४ रुपये पडला. ४० ग्रॅमची वडी ५० रुपयांस घेतली तर तिचा भाव किलोस १,२५० रुपये होतो. त्या वडींत १० ग्रॅम दाणे असले तर पन्नास रुपयांपैकीं शेतकऱ्याचा वांटा रुपयाहून किंचित् अधिक. जळगांवच्या तेलबिया संशोधन केंद्रानें काढलेला जे. एल. २४, म्हणजे फुले प्रगति, हा भुईमुगाचा वाण आफ्रिकेंतील मलावीपर्यंत जाऊन पोंचला. त्याच दाण्याचा विश्वास त्याच्या जन्मगांवीं मात्र उरला नाहीं, कारण त्यावर चमकता कागद नाहीं !

शेवटचा मुद्दा आमच्या घरांतलाच आहे, व तो लिहितांना थोडा संकोच वाटतो. आमच्यांतील कांहीं उत्साही मंडळींस व बचत गटांतील भगिनींस असें वाटूं लागलें आहे कीं, आपणहि केळ्याची भुकटी, दाणे व गूळ ह्यांची वडी काढून 'मधुमेहींसाठीं' म्हणून विकावी. दुसरे विकतात, आपण कां नको? माल पक्का करून विकण्याच्या आम्ही विरुद्ध नाहीं. केळ्याचे वेफर काढा, चिक्की काढा, आणि त्यांस वेफर व चिक्की म्हणूनच विका. चिक्कीनें आजपर्यंत कोणास फसविलें नाहीं, कारण तिनें आपण औषध आहों असें कधीं म्हटलें नाहीं. केळें व गूळ एकत्र करून त्यावर मधुमेहाचें नांव छापणें म्हणजे जें दुसऱ्यांनीं आमच्याशीं केलें तें आम्हीं आमच्या शेजाऱ्याशीं करणें होय. असा ठराव सभेपुढें आला तर आम्ही त्याविरुद्ध मत देऊं.

त्याऐवजीं आमची सूचना अशी आहे. संघाच्या दुकानांत निवडलेले, नीट वाळविलेले, मीठ-गूळ न लावतां भाजलेले दाणे ३० ग्रॅमच्या साध्या कागदी पुडींत ठेवावेत, आणि वर वाणाचें नांव, गांवाचें नांव, भाजल्याची तारीख व वजन एवढेंच छापावें. किंमत पांच-सहा रुपयांच्या वर जाण्याचें कांहीं कारण दिसत नाहीं. नक्की आंकडा व्यवस्थापक मंडळानें भट्टीचा व मजुरीचा खर्च पाहून ठरवावा, आणि पहिली खेप कापसाच्या हंगामापूर्वीं, जिनिंगच्या वाटेवरील दुकानांत ठेवावी.